नावाचा ठराव

१३ जानेवारी १९७४, रविवार

लहानपणी सुट्टीत पाचगणीच्या शाळेतून औंधजवळच्या माहेरी गेले की मी दिवसभर जोंधळ्याच्या रानात असे. जेवायची वेळ झाली की रंगू बांधावर उभी राहून हाक मारायची, "हरणेऽऽ, भाकरी गार हुतीया!" मला पहिल्याच हाकेला ऐकू यायचं, पण मी ओ देत नसे. ताटांमागे दबून बसे. दुसऱ्या हाकेत थोडा राग असायचा आणि तो मला फार आवडायचा. एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण आज दिवसभर ती हाक कानात आहे, कारण आज घरात माझ्या नावाचा प्रश्न उभा राहिला.

कोल्हापूरचे सिनेमावाले नदीचा घाट बघायला आले होते. ह्यांनी त्यांना चहाला बंगल्यावर आणलं. (हे म्हणजे आप्पासाहेब. लिहायला हरकत नाही, तोंडानं मी नाव घेत नाही.) हे साखर कारखान्याचे व्हाइस चेअरमन आहेत आणि मे महिन्यातल्या निवडणुकीत चेअरमनच्या खुर्चीकडे डोळा आहे, त्यामुळे सध्या आमच्या दारावरून कुणीही चहाशिवाय जात नाही. मी आत रंगूवर ओरडत होते. तिनं दूध उतू घालवलं होतं. रंगू माझ्या लग्नात पाठराखीण म्हणून आली ती कायमची राहिली. चारचौघांत मला बाईसाब म्हणते आणि दोघीच असलो की हरणे म्हणते. दूध मात्र दोन्ही वेळी उतू घालवते.

बाहेर दिग्दर्शक म्हणाले, "हा आवाज कुणाचा?"

त्यांचं नाव किरणराज. पस्तिशीचा माणूस, गळ्यात रुमाल, घरातसुद्धा काळा चष्मा. त्यांना आई हवी होती. गोष्ट अशी, की लढाईत बेपत्ता झालेल्या शिपायाची आई तो मेला हे मानायलाच तयार नाही. मग एक दिवस तो येतो, मागून हाक मारतो आणि ती वळून बघते. ठरलेली बाई लेकीच्या बाळंतपणाला बेळगावला गेली होती आणि नातवाला सोडून यायला तयार नव्हती.

"जगदाळ्यांच्या घरातली बाई तोंडाला रंग लावणार न्हाई," हे म्हणाले.

किरणराजांनी चष्मा काढला. "शेवटचा सीन कारखान्याच्या गेटवर घ्यायचा इचार हाय, साहेब. वर पाटी, आन पाटीखाली संचालक मंडळ उभं."

ह्यांनी बराच वेळ चहा ढवळला. ह्यांच्या चहात साखर नसते. मग विचारलं, "रंग कितपत लावता?"

शेवटी असं ठरलं की मी काम करावं, पण घराण्याचं नाव पडद्यावर येऊ नये. विरोधक टपलेले आहेत. तेव्हा मी दुसरं नाव घ्यावं. किरणराज म्हणाले, "त्यात काय, बाई! मी आकाराम. पन पोष्टरवर आकाराम वाचून तिकीट कोण काढंल?" मी भीत भीत सुचवलं, हरणाबाई चालेल का? ते माझं माहेरचं नाव आहे, इथे कुणाला ठाऊकही नाही. हे हसले. "शेरडाचं नाव वाटतंय ते. तुमी काळजी करू नका, आमी बघतो."

मला हे काम हवं आहे. मोठ्यानं म्हणायची सवय नाही, म्हणून इथे लिहिते. पाचगणीच्या शाळेत नाताळच्या नाटकात मी उंट होते. म्हणजे उंटाचे मागचे पाय. कार्यक्रमपत्रिकेत पुढच्या पायांचं नाव छापलं होतं.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत.

हळदीकुंकवाला बंगला भरला होता. माझी नणंद आक्काताई लहान वयात विधवा होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून घरातली सगळी खरं बोलायची जबाबदारी त्यांनीच उचलली आहे. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता काय गं, वैनीसाब नटी हुणार. औंदा वाण म्हणून पावडरचे डबे वाटा!"

बायकांना चेव आला. "नाव घ्या, नाव घ्या! नटीनं नाव घ्यावंच लागतंय!" मी घेतलं:

"तिळाच्या हलव्याला साखरेचा काटा, आप्पासाहेबांच्या राज्यात आनंदाला नाही तोटा."

टाळ्या झाल्या. रात्री आठवलं, की सदतीस वर्षं मी त्यांचं नाव यमकातच घेते आहे. त्यांना तेवढीही अडचण नाही. ते मला "अहो" म्हणतात आणि घरातली कोणीही बाई वळून बघते.

माझी नावं मात्र पुष्कळ झाली. वडिलांनी हरणा ठेवलं. पाचगणीच्या सिस्टरना ते म्हणता येईना, म्हणून त्यांनी हॅना केलं आणि रुमालांवर लाल दोऱ्यानं भरून दिलं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं विजयादेवी लिहिलं. अक्षर इतकं वाईट होतं, की भटजींनी मोठ्यानं वाचलं तेव्हा मला माझं नाव कळलं.

आता चौथं.

१८ जानेवारी, शुक्रवार

आज संचालक मंडळातली चार माणसं जेवायला होती. मटण झालं, पानं आली आणि हे म्हणाले, "एक विषय हाय."

ही मंडळी एकत्र बसली की कुठलाही विषय ठरावाशिवाय सुटत नाही. गेल्या वर्षी आमच्या कुत्र्याला कोणत्या डॉक्टरकडे न्यावं याचाही ठराव झाला होता, सूचक-अनुमोदकासह. इतिवृत्त लिहून होईपर्यंत कुत्रा आपोआप बरा झाला.

मी आणि आक्काताई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होतो.

"वैनींना सिनेमासाठी नाव द्यायचंय," माझे दीर नानासो म्हणाले. ह्यांच्या निवडणुकीचं सगळं तेच बघतात. "माझी सूचना, चंद्रकला."

लालासाहेब माळकरी आहेत, मटणाच्या पंगतीत वेगळं वरण-भात जेवतात. त्यांनी डोळे मिटून म्हटलं, "मैना. नुसतं मैना न्हाई, मैनावती."

सगळ्यांत म्हातारे संचालक, ज्यांना सुनांची नावंही आठवत नाहीत, ते हळूच म्हणाले, "शेवंता." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला फार नवल वाटलं. ऊस आणि मळी यांशिवाय काही न बोलणाऱ्या या माणसांच्या जिभेवर किती गोड नावं तयार होती! मी आक्काताईंना तसं म्हणाले.

"भक्ती हाय त्यांची," आक्काताई म्हणाल्या. "दर जत्रंला नेमानं जात्यात."

जत्रेचा आणि नावांचा संबंध मला कळला नाही, पण देवदर्शनानं माणूस मृदू होतो हे खरं असावं.

मग हे म्हणाले, "मंदाकिनी."

जराही न थांबता, नुसतं "मंदाकिनी". लालासाहेबांनी मिटलेले डोळे उघडले. म्हातारे संचालक म्हणाले, "व्वा!" आणि पानाचा विडा गालात तसाच ठेवून बसले. मला मनातून भरून आलं. उसाच्या भावापलीकडे काही न वाचणाऱ्या माझ्या नवऱ्याला स्वर्गातल्या गंगेचं नाव ठाऊक होतं आणि ते त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

खरा वाद पुढे झाला. नुसतं मंदाकिनी बरं दिसत नाही, पुढे गाव हवं. नानासो म्हणाले, "सांगलीकर. कारखाना सांगली जिल्ह्यात हाय." लालासाहेबांचे मतदार कऱ्हाडच्या बाजूचे. ते म्हणाले, "म्हंजे साताऱ्याकडच्या सभासदांचा ऊस खारा हाय व्हय रं?" जिल्हा एकच होता तेव्हा कसं बरं होतं, इथपासून कालव्याचं पाणी कुणी पळवलं, इथपर्यंत गाडी गेली. तासभर माझ्या नावाची आठवण कुणाला नव्हती.

"सातारकर," शेवटी हे म्हणाले. "मंदाकिनीला सातारकरच शोभतंय."

"पर दादा, इलेक्शनच्या दृष्टीनं..."

"शोभतंय म्हणलं ना!"

मंदाकिनी सातारकर. सूचक आप्पासाहेब, अनुमोदक लालासाहेब, ठराव सर्वानुमते मंजूर. आक्काताई तोंडात पदर कोंबून आत गेल्या. त्यांना खोकला झाला आहे.

२७ जानेवारी, रविवार

नावाची सवय व्हावी म्हणून घरात सगळ्यांनी मला मंदाकिनी म्हणावं, असं ह्यांनी सांगितलं आहे. रंगूला ते येत नाही, ती "मंदाबाय" म्हणते आणि मग स्वतःच हसते. नानासो "मंदावैनी" म्हणतात. हे मात्र नीट म्हणतात, एकेक अक्षर सावकाश.

आणि खरंच, नावानं जादू केली आहे. काल इस्लामपूरहून येताना ह्यांनी मला गजरा आणला. सदतीस वर्षांत पहिला. रात्री जेवताना म्हणाले, "मंदाकिनी, थोडं वाढा की." मी चार वेळा वाढलं. जेवण झाल्यावर झोपाळ्यावर बसून हे कसलीशी चाल गुणगुणत होते आणि पायानं ठेका धरला होता. ह्यांना गाणं येतं हे मला माहीतच नव्हतं.

हाक आली की मी क्षणभर थांबते आणि मग मलाच बोलावलं हे लक्षात येऊन ओ देते. हे म्हणतात, "अशी थांबू नका. ती... म्हंजे नटी कशी चटकन वळती."

कलेविषयी त्यांना इतकं कळतं, हेही मला माहीत नव्हतं.

४ फेब्रुवारी, सोमवार

आज पहिला दिवस. घाटावर ही गर्दी. झाडांवर माणसं, नावेत माणसं. माझ्या तोंडाला काळपट रंग लावला. मी आधीच काळी, पण सिनेमात तो रंग लावावाच लागतो म्हणे.

ह्यांचे विरोधक नाथाजी ट्रॅक्टरभर माणसं घेऊन आले. मला वाटलं आता गोंधळ होणार. पण त्यांनी चक्क नारळ आणि शाल आणली होती. भाषणही केलं: "कोण म्हणतंय आमच्या गावात कला न्हाई? ह्या आमच्या वैनी! नाव बदललं म्हणून आमी वळखत न्हाई व्हय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोही काढले. नानासो झाडाखाली उभे राहून नखं खात होते.

पुढचा प्रकार लिहायलाच हवा. शेजारणीच्या कामासाठी एक बाई आणल्या आहेत, शालूबाई. साठीच्या, पण ताठ. लिंबाखाली बसून सुपारी कातरत होत्या. सहायकानं भोंग्यातून पुकारलं, "मंदाकिनीबाई, तयार?"

मी नेहमीसारखी थांबले. आणि शालूबाईंनी चटकन मान वळवून ओ दिली.

मग स्वतःच कपाळावर हात मारून हसल्या. "आवं, जुनी खोड! हे नाव कुनी दिलं तुमास्नी?"

"घरच्यांनी."

"हे माझं नाव व्हतं, बाई. मंदाकिनी सातारकर. फडात हुते तवा. लय वर्सं लावलं. पुसेगावच्या जत्रंत तर कनातीवर ह्या एवढ्या अक्षरात असायचं. मग आवाज गेला, गुडघं गेलं, आन नाव तिथंच ऱ्हायलं." त्यांना राग आलेला दिसला नाही. हरवलेली वाटी शेजारच्या घरात दिसावी तशा बघत होत्या. "पन तुमच्या घरच्यांना कसं म्हाईत? मालक कोण तुमचे?"

नाव कसं घेणार? "नाव फक्त उखाण्यात घेते," मी म्हणाले.

"मग घ्या की उखाना! मला काय, मी आयुष्यभर यमकावरच भाकरी खाल्ली."

मी "कृष्णेच्या घाटावर नाव लागली तीराला" एवढं म्हणते आहे तोच धूळ उडवत ह्यांची जीप आली. हे उतरले. पांढरा फेटा, हातात काठी. शालूबाईंनी बघितलं. हातातला अडकित्ता तसाच राहिला. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि नदीकडे तोंड करून बसल्या.

ह्यांनीही त्यांना बघितलं. लगेच "मळी विभागात अर्जंट मीटिंग हाय" म्हणून जीप मागे वळवली. एवढं माझं काम बघायला आले होते, पण कारखान्याच्या जबाबदारीपुढे त्यांना काही दिसत नाही.

शालूबाई बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या उखाना. कळलं."

"काय कळलं?"

"नाव गोड हाय, लावा तुमी. तेवढं जपून लावा, लवकर उतरतंय."

५ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी सगळ्यांचा दिवस वाया घालवला, आणि नंतर घालवला नाही.

वळून बघण्याचा प्रसंग. मी घाटावर मांडलेल्या चुलीपाशी बसायचं, मुलगा मागून हाक मारणार, मी वळणार. कितीदा घेतला याची गणतीच नाही. कधी मी आधीच वळायची, कधी उशिरा, कधी नुसती मान वळायची आणि चेहरा पुढेच राहायचा. किरणराज रुमालानं घाम पुसत होते. "बाई, लेक मेलेला परत आलाय! वाणसामानाचा पोऱ्या न्हाई आलेला!" मी पुन्हा उंटाचे मागचे पाय झाले होते. मी म्हणाले, दुसरी बाई बघा. खरंच म्हणाले. ते थकून म्हणाले, "एकदा शेवटचं."

कॅमेरा सुरू झाला. मुलाचं काम करणारा नट तोंड उघडणार तेवढ्यात गर्दीतून रंगू ओरडली. तिनं डबा आणला होता आणि ती सकाळपासून उन्हात उभी होती. बाईसाब वगैरे सगळं विसरून तिनं सरळ हाक मारली, "हरणेऽऽ! भाकरी गार हुतीया, येतीस का न्हाईस?"

मी ओ दिली नाही. मला ते जोंधळ्याचं रान दिसलं. वडील दिसले. मग दुसरी हाक आली, रागाची, "हरणेऽऽ!"

तेव्हा मी वळले.

पुढे काय झालं मला सांगता येणार नाही. किरणराजांनी काळा चष्मा काढून डोळे पुसले. ते म्हणाले, "झालं. आता पुन्हा घ्यायचं न्हाई." घाटावर वारा फार, त्यामुळे आवाज सगळा नंतर कोल्हापुरात भरायचा आहे. पडद्यावर रंगूची हाक ऐकू येणार नाही. मुलाचीच येईल.

गर्दी रंगूवर हसत होती. "हरणे काय गं म्हातारे? शेरडू हरवलंय का?" रंगू म्हणाली, "व्हय. घावलं आता."

भाकरी खरंच गार झाली होती. शालूबाई, रंगू आणि मी, तिघींनी मिळून खाल्ली.

१० फेब्रुवारी, रविवार

पुन्हा बैठक. नाथाजींच्या शालीचा फोटो सांगलीच्या पेपरात आला आहे: "गावच्या कलावतीचा नाथाजींकडून सत्कार." फोटोत शाल आहे, नाथाजी आहेत आणि माझा एक कान आहे.

नानासो फार चिडले होते. "बाई आमची, आन क्रेडिट त्याचं? मागचा ठराव रद्द करा. पडद्यावर पुरं नाव येऊ द्या. सौभाग्यवती विजयादेवी आप्पासाहेब जगदाळे, कंसात व्हाइस चेअरमन यांच्या पत्नी!"

"घराण्याचं नाव पडद्यावर न्हाई म्हणालता की," म्हातारे संचालक म्हणाले. त्यांना शेवंता सुटलेलं नाही.

"तवाची परिस्थिती येगळी व्हती. आता कला म्हंजे जनसंपर्क हाय."

मला वाटलं हे मंदाकिनीसाठी भांडतील. त्यांनीच हौसेनं ठेवलेलं नाव. पण रद्द करायच्या ठरावाला सगळ्यांत आधी ह्यांचाच हात वर. "मंदाकिनी रद्द. ताबडतोब. इतिवृत्तातनंबी काढा."

"इतिवृत्तातनं काढता येत न्हाई, दादा. रद्द म्हणून नोंद हुती."

"मग शाई सांडा!"

दाराआड आक्काताईंना पुन्हा खोकल्याची उबळ आली. मी आल्याचा काढा करते म्हणाले तर म्हणाल्या, "नको गं बाई. ह्यो खोकला ऱ्हाऊ दे, लय दिवसांनी आलाय."

शेवटी किरणराजांना आत बोलावून ठराव वाचून दाखवला. ते म्हणाले, "एवढं नाव पडद्यावर मावायचं न्हाई, साहेब. दोन पाट्या लागतील." मग दारातून माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तुमच्या मनात काय लिहायचं?"

बैठकीत कुणी हे विचारलं नव्हतं. कुणाला तसं वाटलंही नसेल, वाईट कुणीच नाही.

मी म्हणाले, "सकाळी सांगते."

११ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहाच्या वेळी ह्यांच्यासमोर बसले. सहसा मी उभी असते.

"पडद्यावर हरणाबाई लिहायला सांगणार आहे," मी म्हणाले. "पुढे मागे काही नाही."

"झाला ठराव. आता बदल न्हाई."

"मग सिनेमात माझा आवाज नसेल. चेहरा त्यांनी घेतला आहे. आवाज अजून माझ्याकडे आहे. कोल्हापूरला जाऊन तो द्यायचा की नाही, हे मी ठरवणार."

हे हसले. "एका नावापायी? आवं, माझी इलेक्शन हाय! कारखान्याचा गेट मिळायचा न्हाई त्या आकारामला. मग त्याचा शेवट कुठं करंल? माझ्या संडासाफुडं?"

रागवायचं मला शाळेत शिकवलं नाही. चमच्याचा आवाज न करता चहा ढवळायला शिकवलं. मी तो ढवळला. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "घाटावर शालूबाई भेटल्या. शेजारणीचं काम करतात. फार चांगल्या आहेत. पूर्वी पुसेगावच्या जत्रेत असायच्या म्हणे. त्यांना एकदा जेवायला बोलवावं असं मनात आहे. तुम्ही घरी असाल तेव्हाच."

ह्यांना चहाचा ठसका लागला. रंगू धावत पाणी घेऊन आली. बराच वेळ हे डोळे पुसत होते.

"हरणाबाई," हे शेवटी म्हणाले. "चांगलं हाय नाव. सुटसुटीत. पाटीवर मावंल."

"आणि गेट?"

"गेट त्यांचाच हाय."

किती पटकन समजून घेतलं! आक्काताईंना सांगितलं तर त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. म्हणाल्या, "वैनी, तुला कळतंय का न्हाई, ते मला आजपातुर कळलं न्हाई." मी म्हटलं, काय कळायचं? त्या म्हणाल्या, "तेच ते." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या केसांना तेल लावलं.

९ मे, गुरुवार

कोल्हापूरला आवाज भरून आले. अंधाऱ्या खोलीत माझाच चेहरा समोर आणि मी त्याला शब्द द्यायचे. वळण्याच्या प्रसंगाला शब्दच नाहीत. नुसता श्वास द्यायचा होता. किरणराज म्हणाले, "जसा तवा सोडला, तसाच." मी मनात दुसऱ्या हाकेपर्यंत थांबले.

निवडणूक झाली. ऐन वेळी हे आणि नाथाजी एकाच पॅनेलमध्ये उभे राहिले. हे चेअरमन, नाथाजी व्हाइस चेअरमन. दोघांनी एकमेकांना तीच शाल घातली.

२२ ऑगस्ट, गुरुवार

उद्या सांगलीला पहिला खेळ. किरणराजांनी पाट्यांचा फोटो पाठवला आहे. नायक, नायिका, मग इतर, आणि इतरांत वरून तिसरी ओळ. हरणाबाई. मी तो आरशाला लावून ठेवला आहे. उंटाचे मागचे पाय कुठल्या कुठे गेले.

घरदार, रान, शेअर्स यांची वाटणी पुरुषांनी करावी. ती ठरावानं होईल. माझ्याकडचं जे आहे ते कुणाला जावं, हे आज मन प्रसन्न असताना लिहून ठेवते.

सिनेमाचे पास आले आहेत. एक आक्काताईंना. त्यांनी खोकल्यासाठी पदर जवळ ठेवावा. एक नाथाजींना, ह्यांच्या शेजारचा, दोघांना टाळ्या एकत्र वाजवता याव्यात म्हणून. शेवंता म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनाही एक द्यावा आणि कडेला बसवावं. त्यांना मध्येच रडू येतं.

लाल दोऱ्यानं नाव भरलेले रुमाल अजून दोन उरले आहेत. ते पाचगणीच्या सिस्टरना परत द्यावेत. हॅना चांगली मुलगी होती, निरोप न घेता निघून गेली, एवढं सांगावं.

विजयादेवी हे नाव घराचंच आहे, घराकडेच राहू द्या. फाटकावरच्या संगमरवरी पाटीत ते पक्कं बसवलेलं आहे. दर दिवाळीला अक्षरांत काळा रंग भरावा.

सिनेमात नेसलेलं हिरवं लुगडं रंगूला. दूध उतू घालवण्याचा हक्कही तिचाच.

मंदाकिनी सातारकर हे नाव शालूबाईंना परत द्यावं, अक्षराला धक्का न लावता. त्याबरोबर चांदीच्या तबकात एक गजरा, इस्लामपूरचाच. त्या साताऱ्याला राहतात. पत्ता मी मुद्दाम लिहीत नाही. हे सगळं ह्यांनी स्वतः जीपनं नेऊन द्यावं. वाट त्यांना ठाऊक आहे. जाताना नानासोंना बरोबर नेऊ नये आणि परत यायची घाई करू नये. मी जेवणासाठी थांबणार नाही, पण भाकरी झाकून ठेवीन.

हरणा रंगूला. मी गेल्यावर तिनं एकदा बांधावर उभं राहून हाक मारावी. ओ आली नाही तर रडत बसू नये. माझी खोड तिला माहीत आहे. दुसरी हाक मारावी, जरा रागानं.